बाबांच्या ब्लड टेस्टचा रिपोर्ट भलत्याच लोकांकडे पोचला, कंपनीकडे जाब मागता येतो का?

स्नेहल_कासारवडवली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा, कारण मला खरंच काय करावं कळत नाहीये.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, शुगर आहे, त्यामुळे दर काही महिन्यांनी ब्लड टेस्ट असते. आधी नौपाड्यातल्या जुन्या लॅबमध्ये जायचो पण आता मेट्रोचं काम, ट्रॅफिक, त्यात बाबांचे गुडघे, म्हणून एका अ‍ॅपवरून घरी सॅम्पल घ्यायला बोलावलं. मुलगा वेळेवर आला, रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर आला, इथपर्यंत सगळं छान. त्यानंतर दोनेक दिवसांतच बाबांच्या फोनवर कॉल सुरू झाले. पहिला कुठल्यातरी आयुर्वेदिक शुगरच्या औषधाचा, मग एका इन्शुरन्सवालीचा, मग 'डायबेटिस रिव्हर्सल' प्रोग्रॅमचा. मी म्हटलं असतील नेहमीचे स्पॅम. पण त्यातल्या एकाने बाबांना चक्क सांगितलं, 'काका तुमचं एचबीएवनसी साडेआठच्या आसपास आलंय, असंच चालू ठेवलंत तर किडनीवर जाईल.' (एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा.) बाबा इतके घाबरले की त्यांनी त्या माणसाला चार हजाराची ऑर्डर देऊन टाकली, कॅश ऑन डिलिव्हरी होती म्हणून नंतर परत पाठवता आली.

आणि हे त्या अ‍ॅपवरूनच गेलंय याची मला खात्री आहे कारण तिथे मी बाबांचं नाव फक्त 'आप्पा' असं टाकलं होतं, बाकी कुठेच त्या नावाने अकाउंट नाही, बँकेत नाही, सिमकार्डवर नाही. आणि फोन करणारे सगळे 'आप्पाजी बोल रहे हैं?' असंच विचारतात.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे आम्ही डेटा विकत नाही मॅडम, तुमच्या फोनमध्येच एखादं अ‍ॅप असेल. म्हणजे दोष आमचाच. बाबा म्हणतात जाऊ दे, नंबर बदलू. पण तोच नंबर पेन्शनच्या बँकेत, गॅसला, आधारला, सगळीकडे लावलेला आहे, तो का बदलायचा आम्ही?

मला एवढंच विचारायचंय की हा रिपोर्ट कुणाकुणाला दिला ते कंपनीला सांगायला लावता येतं का, तो सगळीकडून डिलीट करायला लावता येतो का, आणि तक्रार नक्की करायची कुठे? डेटाचा नवीन कायदा आलाय असं ऐकलं होतं, त्याचा काही उपयोग होतो का?

ऐरोली_कंप्लायन्स

स्नेहलताई, वाचून संताप आला. मी ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत याच कामात आहे, वकील नाही, पण रोजचा संबंध येतो म्हणून जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

आधी नवीन कायद्याचं. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट ऑगस्ट २०२३ मध्ये पास झाला, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारेत. डेटा प्रोटेक्शन बोर्डाची, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाची, कलमं लगेच लागू झाली, पण तुमच्या माझ्यासारख्यांचे जे हक्क आहेत ना, ते अठरा महिन्यांनी म्हणजे मे २०२७ पासून. त्यामुळे आज तुम्ही त्या कंपनीला 'कलम ११ खाली माहिती द्या' असं लिहिलंत तर ते सरळ म्हणतील की अजून लागू नाही, आणि ते खोटं नसेल.

तरी त्यात काय आहे ते माहीत असू द्या, कारण चांगल्या कंपन्या आत्तापासून तयारी करतायत. कलम ११ प्रमाणे तुमचा कोणता डेटा आहे, त्याचं काय केलं, आणि तो ज्यांना ज्यांना दिला त्यांची नावं, हे मागता येणार. म्हणजे तुमचा पहिला प्रश्न जसाच्या तसा कायद्यात आहे. कलम १२ मध्ये दुरुस्ती आणि डिलीट करणं. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे हे कलम ६ मध्ये, म्हणजे एका टॅपवर हो म्हणायला लावायचं आणि नाही म्हणायला बारा पानांचा फॉर्म भरायला लावायचा हे चालणार नाही. डेटा घेतानाची नोटीस मराठीतही मागता येईल, घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत. आणि कलम ६ मध्येच एक उदाहरण दिलंय ते तुमच्या प्रकरणाला फार जवळचं आहे. टेलिमेडिसिनचं अ‍ॅप उपचारासाठी डेटा मागतं आणि सोबत फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं, माणूस दोन्हीला हो म्हणतो, तरी कायदा म्हणतो की कॉन्टॅक्ट लिस्ट त्या सेवेला लागतच नाही त्यामुळे संमती फक्त उपचारापुरतीच धरायची. ब्लड टेस्ट करायला औषध विकणाऱ्याला रिपोर्ट पाठवायची गरज नसते, एवढं साधं आहे हे.

मग आज काय? आज २०००चा आयटी अ‍ॅक्ट आणि त्याखालचे २०११चे नियम चालू आहेत, लोकांना हे माहीतच नसतं. त्या नियमांत मेडिकल रेकॉर्ड आणि तब्येतीची माहिती ही 'संवेदनशील' म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे, पासवर्ड आणि बँक डिटेल्सच्या रांगेत. अशी माहिती घेताना कशासाठी घेतोय ते सांगून लेखी संमती लागते, काम संपल्यावर ठेवायची नाही, दुसऱ्याला द्यायची तर आधी परवानगी, आणि दिलेली संमती लेखी मागे घेता येते. प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर टाकलाच पाहिजे आणि तक्रार महिन्याभरात निकाली काढली पाहिजे.

म्हणून कस्टमर केअरचा नाद सोडा. अ‍ॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीत अगदी तळाशी ग्रिव्हन्स ऑफिसरचा ईमेल सापडेल, तिथे लिहा. फोनवर बोललेलं काही राहत नाही.

नौपाडा_जुना

ताई आधी बाबांचे फोन थांबवायचं बघा, कायदा नंतर. माणूस घाबरलेला असताना पुढचा फोन आला की परत ऑर्डर देईल, आमच्या सोसायटीतल्या एका आजींचं असंच झालंय.

१९०९ ला डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल बंद करायची सोय, लावा, इंग्रजीत स्टार्ट लिहून स्पेस द्या आणि शून्य टाकून मेसेज पाठवा किंवा ट्रायचं, म्हणजे टेलिकॉम नियामकाचं, डीएनडी अ‍ॅप घ्या, अ‍ॅप सोपं पडतं कारण कॉल लॉगमधून नंबर निवडून तिथल्या तिथे तक्रार टाकता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदललेत, आता कॉल आल्यापासून सात दिवसांत तक्रार केली तरी चालते, आधी तीनच दिवस होते. आणि साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून कोणी माल विकत असेल तर तो रजिस्टर्ड नसलेला टेलिमार्केटर, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला तुमचं डीएनडी आधीपासून चालू असायलाच पाहिजे असंही नाही. जाहिरातीच्या कॉलला १४० ची सिरीज आणि बँक वगैरेंच्या कामाच्या कॉलला १६०० ची सिरीज ठेवलीय, हे बाबांना एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावून ठेवा.

त्या ऑर्डरवाल्याने भीती घालून पैसे काढायचा प्रयत्न केला, ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर संशयास्पद कॉल कळवायला चक्षू म्हणून आहे तिथे टाका. पैसे गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, हे सगळ्यांनीच घरात सांगून ठेवा.

आणि आलेले नंबर, तारीख, वेळ, काय बोलले ते सगळं वहीत उतरवा. कॉल डिलीट करू नका.

नेरूळची_अ‍ॅडव्होकेट

वरच्या दोघांनी चांगलं सांगितलंय. मी ग्राहक आयोगात बऱ्यापैकी केसेस करते त्यामुळे त्या बाजूने लिहिते, आणि एक गोष्ट जरा ठासून सांगते कारण ती कोणी बोलत नाही.

नवीन कायद्याचं सगळे कौतुक करतात, दंड २५० कोटींपर्यंत आहे म्हणून. तो दंड खरा आहे, डेटा सांभाळण्यात हयगय केली तर तेवढा होऊ शकतो, गळती झाल्याचं लपवलं तर २०० कोटींपर्यंत. पण तो पैसा जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याचा रिपोर्ट फुटला त्या आप्पांना एक रुपया मिळायची सोय त्या कायद्यात नाही. उलट आयटी अ‍ॅक्टचं कलम ४३ए, ज्याखाली आज नुकसानभरपाई मागता येते, ते मे २०२७ ला जाणार, नवीन कायद्यानेच ते काढून टाकलंय. दुसरं असं की २०११च्या नियमांत तब्येतीची माहिती वेगळी, जास्त जपायची म्हणून होती. नवीन कायद्यात तसा वेगळा वर्गच नाही, तुमचा ईमेल आयडी आणि तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट एकाच मापात. मला हे फार चुकीचं वाटतं. युरोपच्या जीडीपीआर या डेटा कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळं संरक्षण आहे आणि माणसाला भरपाईही मागता येते, आपण त्याच वाटेने निघालो होतो आणि नेमकं हे सोडून दिलं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या कलम २१ मधला, त्यानंतर कायदा यायला सहा वर्षं आणि हक्क हातात यायला दहा वर्षं लागतायत, आणि त्यातही भरपाई नाही.

म्हणून माझं मत असं की स्नेहल, तू ग्राहक म्हणून जा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे, त्यात हे लिहिलंय की ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही अनुचित प्रथा आहे. हे आज लागू आहे, मे २०२७ ची वाट बघायची गरज नाही. बाबांनी पैसे देऊन टेस्ट केली म्हणजे ते ग्राहक झालेच. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्हाला ठाणं सोडायला लागत नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, टेस्टचं बिल तर काही हजारच असणार. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची असते, पण पुरावे ताजे असताना केलेलं बरं. त्याआधी १९१५ ला नोंदवून बघ, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बऱ्याच कंपन्या तिथून निरोप गेला की हलतात.

४३ए खालचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो, पाच कोटींपर्यंतचा. ऑनलाइन फसवणुकीच्या प्रकरणांत तिथे पूर्वी बँकांना भरपाई द्यायला लावलेली आहे, म्हणजे तो रस्ता नुसता कागदावरचा नाही. पण तिथे कंपनीचा निष्काळजीपणा आणि तुमचं नुकसान दोन्ही दाखवावं लागतं, तुमच्या बाबतीत ऑर्डर परत गेली, त्यामुळे मला ग्राहक आयोगच जास्त बरोबर वाटतो.

'आप्पा' हे नाव फक्त तिथेच दिलं होतं हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. अ‍ॅपमधल्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आजच्या आज काढून ठेव, उद्या त्यांनी अकाउंटच बंद केलं तर हातात काही राहणार नाही.

वाशी_सेक्टर१७

विषय थोडा वेगळा पण जवळचाच म्हणून टाकतो. आमचं किराणा आणि जनरल स्टोअर आहे, त्यामुळे मी दोन्ही बाजू बघतो. मॉलमध्ये साधा टी-शर्ट घेतला तरी काउंटरवर आधी मोबाईल नंबर विचारतात, नाही दिला तर बिलच निघत नाही म्हणतात. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट कळवलंय की नंबरसाठी अडून बसायचं नाही, ती अनुचित प्रथा आहे. बिल नंबरशिवाय निघतं, आमच्या दुकानात रोज निघतं, सॉफ्टवेअरमध्ये ती जागा रिकामी सोडता येते. ज्याला हवं त्याने द्यावा, पण 'सिस्टीम घेत नाही' हे कारण सांगितलं तर मॅनेजरला बोलवा, लगेच घेते सिस्टीम.

गिऱ्हाइकाचा नंबर म्हणजे उधारीच्या वहीसारखा असतो, तो दुसऱ्या दुकानदाराला दाखवायचा नसतो. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं धंदा केला, कोणाच्या घरी काय जातं ते तिसऱ्याला कधी सांगितलं नाही.

स्नेहल_कासारवडवली

सगळ्यांचे मनापासून आभार. नौपाडावाल्या काकांनी सांगितलं तसं डीएनडी लावलं, सगळे नंबर लिहून काढले, कागदही लावला फोनजवळ. बाबा आता अनोळखी नंबर आला की आधी त्या कागदाकडे बघतात.

कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला ईमेल टाकला होता, त्याचं उत्तर आलंय. त्यात लिहिलंय की 'बुकिंग करताना आपण अटी व शर्ती मान्य केल्या आहेत, त्यानुसार आपली माहिती आमच्या वेलनेस पार्टनर्ससोबत शेअर केली जाऊ शकते. आम्ही डेटा विकत नाही.' म्हणजे आधी फोनवर म्हणाले आमच्याकडून गेलाच नाही आणि आता म्हणतात शेअर केला जाऊ शकतो. पार्टनर कोण हे नाव नाही. मी परत बुकिंगचं पान उघडून बघितलं तर पैसे भरायच्या बटणाच्या वर बारीक राखाडी अक्षरात एक ओळ आहे आणि तिथे टिक आधीच मारलेली येते, आपण मारत नाही. ती काढली तर पुढे जाता येतं, पण ती दिसायला तर पाहिजे ना? आता हे 'मी संमती दिली' धरणार का?

नेरूळची_अ‍ॅडव्होकेट

हे उत्तर लेखी आलं हे फार बरं झालं, ईमेल जपून ठेव. 'शेअर केली जाऊ शकते' म्हणजे त्यांनी अर्धं कबूल केलंय.

आधीच मारलेल्या टिकबद्दल. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'वर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांवर, मार्गदर्शक सूचना काढल्या, तेरा प्रकार दिलेत. प्रायव्हसीची सेटिंग कळायला आणि बदलायला अवघड करून ग्राहकाकडून त्याला द्यायची होती त्यापेक्षा जास्त माहिती काढून घेणं, हे त्यात नावानिशी आहे. तुझी राखाडी ओळ त्यात बसते असं मी तरी मांडेन. कंपनी म्हणेल करारात मान्य केलं होतं, २०११च्या नियमांत तशी पळवाट आहेच, पण करार तरी समोरच्याला दिसला पाहिजे. आणि 'वेलनेस पार्टनर' या दोन शब्दांतून कोणाला कळणार आहे की आपल्या रक्तातली साखर औषध विकणाऱ्याला सांगणार आहेत?

त्या पानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढ, अगदी पहिल्यापासून पैसे भरायच्या बटणापर्यंत, स्क्रोल करताना टिक आधीच मारलेली दिसली पाहिजे. अशी पानं तक्रार झाली की गुपचूप बदलतात.

ऐरोली_कंप्लायन्स

आणि दुसरा ईमेल आता जरा कडक लिहा. मी साधारण असा लिहीन, तुमच्या हिशोबाने बदलून घ्या:

'माझे वडील आपले ग्राहक असून अमुक तारखेला त्यांनी आपल्याकडून पैसे भरून रक्ततपासणी करून घेतली. त्यांच्या तब्येतीची माहिती आयटी कायद्याच्या २०११च्या नियमांप्रमाणे संवेदनशील वैयक्तिक माहिती आहे. तपासणी आणि रिपोर्ट देणे याव्यतिरिक्त कोणत्याही कारणासाठी दिलेली, दिल्याचे मानलेली किंवा आपण गृहीत धरलेली संमती आम्ही या पत्राने मागे घेत आहोत. त्यांची कोणती माहिती, कोणत्या तारखेला, कोणकोणत्या कंपनीला दिली त्यांची नावे कळवावीत. त्या सर्वांना ती माहिती काढून टाकायला सांगून तसे झाल्याचे लेखी कळवावे. कायद्याने जे रेकॉर्ड आपल्याला ठेवावेच लागते ते कोणते आणि किती काळ, हेही लिहावे. एक महिन्यात उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ कलम २(४७) खाली जिल्हा आयोगात तक्रार करण्यात येईल.'

ईमेल बाबांच्या आयडीवरून जाऊ दे किंवा त्यांच्या सहीचं पत्र स्कॅन करून जोडा, नाहीतर 'तुम्ही कोण' म्हणून अडवतात, आणि तेवढं विचारणं त्यांचं बरोबरही आहे, दुसऱ्याच कोणी आप्पांचा डेटा मागितला तर देता कामा नये. पण ओळख पटवायला आधारची पूर्ण कॉपी मागितली तर देऊ नका. मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. आणि तक्रारीत फक्त खरं आणि दाखवता येईल तेवढंच लिहा, नवीन कायदा लागू झाल्यावर खोट्या तक्रारीला दहा हजारांपर्यंत दंड आपल्यालाही आहे.

खारघर_निलेश

मध्येच विचारतो, माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. सीवूड्सला एक फ्लॅट बघायला गेलो होतो, तिथे एका लोनवाल्याने पॅनकार्डचा फोटो घेतला, सहज म्हणून. आता मला कुठलं लोन घेतलेलंच नाही तरी सिबिलच्या क्रेडिट रिपोर्टवर 'चौकशी' दिसतेय आणि एक छोटं पर्सनल लोनही दिसतंय. हे डेटाच्याच विषयात येतं ना? कुठे जाऊ?

नौपाडा_जुना

निलेश हे गंभीर आहे, आजच्या आज करा. मी बँकेतून रिटायर झालोय म्हणून सांगतो. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो हक्कच आहे. चारही काढा, कारण एकात नाही ते दुसऱ्यात असू शकतं. मग जे लोन तुमचं नाही त्यावर त्या कंपनीकडे ऑनलाइन डिस्प्यूट टाका आणि ज्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ते लोन दाखवलंय त्यांनाही लेखी कळवा. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, एप्रिल २०२४ पासून लागू झाला. हे लोक सांगत नाहीत, आपण मागायचं. एवढं करूनही ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर फोन करून माहिती घ्या. आणि १९३० ला किंवा पोलिसांकडे फसवणुकीची नोंद आधी करा, त्या नोंदीचा कागद पुढे सगळीकडे मागतात.

डेटाच्या बाबतीत फक्त याच एका क्षेत्रात दिवसाला किती रुपये ते लिहिलेलं आहे, आणि म्हणून तिथे काम होतं. हेच लॅब, अ‍ॅप, मॉल सगळ्यांना लावायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

स्नेहल_कासारवडवली

पत्र पाठवलं, बाबांनी स्वतः सही केली. आधी 'जाऊ दे' म्हणणारे बाबा आता रोज विचारतात उत्तर आलं का.

आणि आलं! १९१५ ला नोंदवल्यानंतर चार-पाच दिवसांतच आलं. त्यांनी दोन कंपन्यांची नावं दिली, त्यातली एक तीच डायबेटिस प्रोग्रॅमवाली आहे. दोघांनाही डेटा काढून टाकायला सांगितलंय म्हणतात. पण 'काढून टाकला' असं त्या दोघांकडून लेखी काहीच नाही, आणि आयुर्वेदिक औषधवाल्याचं नाव यादीत नाहीच, म्हणजे त्याला त्या दोघांपैकी कोणीतरी पुढे दिला असणार. शिवाय आम्हाला 'गुडविल' म्हणून पुढच्या टेस्टवर डिस्काउंट देऊ करतायत, ते मी घेतलेलं नाही.

फोन कमी झालेत, बंद नाही झालेत. आता पुढे आयोगात जावं का एवढ्यावर सोडावं? बाबांना आयोगात हजर राहावं लागेल का, तेवढंच मला टेन्शन आहे, गुडघ्यांमुळे.

नेरूळची_अ‍ॅडव्होकेट

डिस्काउंट नाकारलंस ते योग्य केलंस, घेतला असता तर 'तक्रार मिटली' असं छापून मोकळे झाले असते.

माझ्या मते जा. त्यांनी नावं दिली म्हणजे रिपोर्ट बाहेर दिला हे आता त्यांच्याच शब्दांत आहे, याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही. तक्रारीत त्या दोन कंपन्यांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, कर, म्हणजे तिसऱ्याला कोणी दिला ते त्यांना एकमेकांकडे बोट दाखवत का होईना सांगावं लागेल. मागणी काय करायची ते नीट ठरव: डेटा काढल्याचं प्रतिज्ञापत्र, मानसिक त्रासाची भरपाई, खर्च, आणि ती आधीच मारलेली टिक सगळ्याच ग्राहकांसाठी बंद करणं. शेवटची मागणी सोडू नकोस, अनुचित प्रथा थांबवायचा आदेश आयोग देऊ शकतो.

बाबांना स्वतः जायची गरज नाही, ते तुला अधिकारपत्र देऊ शकतात. व्हिडिओवरून सुनावणीचीही सोय आहे, अर्जात तब्येतीचं कारण लिही. लगेच निकाल लागेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नकोस, तारखा पडतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेकडूनही मसुदा तपासून घेता येतो, ती माणसं वर्षानुवर्षं हेच काम करतायत.

खारघर_निलेश

स्नेहलताई, ते ऐरोलीवाल्या दादांचं पत्र मी थोडं बदलून त्या लोनवाल्याला पाठवू का? माझी पॅनची कॉपी परत मागायची आणि कोणाला दिली ते विचारायचं आहे.

ऐरोली_कंप्लायन्स

निलेश बिनधास्त वापरा. फक्त तब्येतीची ओळ काढा, तिथे पॅनचा फोटो कोणत्या कामासाठी दिला होता आणि त्याचा वापर कशासाठी झाला ते तारखेसकट लिहा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असेल तर ते चॅट एक्स्पोर्ट करून सोबत जोडा. आणि यापुढे कॉपी द्यावीच लागली तर त्यावर आडवं लिहून द्या, कोणाला, कशासाठी, कधी.

स्नेहल_कासारवडवली

हो निलेश, वापरा. मी ई-जागृतीवर अकाउंट उघडलंय, बाबांचं अधिकारपत्र करून घेतेय. केस नंबर पडला की इथेच टाकते.